आधी खांदा

मेळ्यात, आकाशपाळण्यांच्या मागे,
जिथे लोणच्याचे स्टॉल संपून बरण्यांचे सुरू होतात,
तिथे इर्शादभाईंचा तंबू. आग्र्याचा माल.
शंभरेक जाकिटं बांबूला लटकलेली,
आत कुणी नाही, तरी सगळी छाती काढून.

मी सांगितलं, रात्रपाळी असते, सबस्टेशनवर.
पहाटे पाचला मुरारहून कंपूपर्यंत स्कूटर,
धुकं असं की स्वतःचा हेडलाइट स्वतःला दिसत नाही.
तीन स्वेटर घातले की ब्रेक दाबता येत नाही.

त्यांनी चेहरा पाहिला नाही. खांदे पाहिले.
"कंधा देखिए मॅडम."
बाही आखूड करता येते, चेन बदलता येते,
खांदा दुसऱ्याचा निघाला
तर जन्मभर मागून आणल्यासारखं वाटतं.
हे ते हिंदीत म्हणाले. मी मराठीत ऐकलं.
ग्वाल्हेरात असंच होतं.

पहिलं थोरल्या भावाचं वाटलं.
दुसऱ्यात मी कोर्टात साक्षीला उभी.
तिसरं लेडीज म्हणून वेगळ्या बांबूवर,
लालसर, कमरेत घेतलेलं,
खिसे नुसते वरून शिवलेले.
पेचकस कुठे ठेवू?

चौथं काळं नाही,
कपाच्या तळाशी चहा सुकतो तो रंग.
पाठीवर डावीकडे बोटभर ओरखडा.
"जानवर को तार लगी होगी.
बेदाग पीस दिखाऊँ?"
मी नको म्हटलं.
तारेशी माझीही ओळख जुनी आहे.

साडेसहा हजारांवरून पाच हजार दोनशे,
वर माझ्या पिशवीतला गजकाचा अर्धा पुडा त्यांना.

पहिला आठवडा तेच मला घालत होतं.
हात वर केला की पोटापर्यंत सगळं वर,
कोपर वाकवलं की जुन्या जिन्यासारखी कुरकुर.
शेजारच्या तोमरबाई म्हणाल्या,
थानेदारनी लग रही हो.
कुणी सांगितलं खोबरेल चोळ,
कुणी, रात्रभर भिजव,
पुतण्या म्हणाला, गाडीखाली घाल.
इर्शादभाई म्हणाले होते, कुछ मत करिए, काम करिए.

म्हणून मी ते घालून कणीक मळली.
वसंतपंचमीला केशरीभात ढवळला.
बहिणीशी फोनवर जमिनीच्या कागदांवरून भांडले,
भांडताना कोपर लवकर मऊ होतं.
लॉगबुक भरलं: दोन चाळीस, फीडर तीन, लोड सामान्य.
आणि फीडर तीन गेला त्या रात्री,
अख्खा हजीरा काळाठिक्कर,
हँडल ओढताना पाठीत काहीतरी सुटलं.
वाटलं, मीच.
जाकीट होतं ते.

मग फेब्रुवारीत एकदा
उकडलं म्हणून ते खुर्चीच्या पाठीला चढवलं
आणि बॅटरी घेऊन यार्डात गेले.
भदौरिया, नवा गार्ड, चष्मा घरी विसरलेला,
दारातून म्हणाला, पोतनीस मॅडम, चाय?
उत्तर नाही.
रागावल्या असतील समजून घेऊनच आला.

परतले तर जाकिटासमोर कप,
वर बशी झाकलेली.
डावा खांदा उतरलेला, सतरा वर्षं हत्यारांची पिशवी तिकडेच.
उजवं कोपर जरा बाहेर,
मुद्दा अजून संपलेला नाही असं.
आणि किंचित पुढे झुकून,
एखादा आवाज नेहमीचा आहे की नाही ते ऐकत.

मी अशी बसते,
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

चहा कोमट होता. उभ्यानेच प्यायले,
खुर्ची रिकामी नव्हती.

मार्चात खिसे उलटे केले:
पेचकस, एक फ्यूजची तार, तीळ.
इर्शादभाईंनी सांगितलं होतं तसं
जुनं वर्तमानपत्र चुरगळून खांद्यांत भरलं.
डावीकडे
जरा कमी.